पाळलेले पाखरू आणि दूरची व्याख्याने

व्याख्याने ऐकण्याची हौस महाराष्ट्रातील सुशिक्षित कुटुंबांस नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून इतिहास, अर्थकारण, धर्म, समाजसुधारणा अशा विषयांवर विद्वानांचे विचार ऐकावयास जाणे हा आमच्या नागर जीवनाचा एक भागच होऊन बसला आहे. परंतु घरातील पिंजऱ्यात बसलेल्या पाखराच्या आहाराविषयी आणि झोपेविषयी कोणी तज्ज्ञ तासभर बोलेल, आणि घरातील वडीलधारी मंडळी मुलाबाळांसह ते लक्षपूर्वक ऐकतील, ही कल्पना आमच्या आज्यापणज्यांस निव्वळ थट्टेची वाटली असती. आज ती थट्टा राहिलेली नाही. २०२० सालच्या महामारीने माणसांस घरात कोंडले आणि सभागृहांची दारे बंद केली; त्या वेळेपासून संगणकाच्या व मोबाईलच्या पडद्यावर होणारी ऑनलाइन व्याख्याने सर्वांच्या अंगवळणी पडली, आणि पाळीव पक्ष्यांच्या शौकिनांसही त्यांचा लाभ होऊ लागला.

ह्या व्याख्यानांचे स्वरूप साधे असते. बोलणारे बहुधा पक्षिवैद्य, पक्ष्यांच्या वर्तनाचे अभ्यासक किंवा पक्ष्यांस शिकविणारे अनुभवी लोक असतात. अमेरिकेत पक्षिवैद्यांची स्वतंत्र संघटना १९८० साली स्थापन झाली. त्यामुळे तिकडे ह्या शास्त्राचा व्यासंग करणारा एक वर्गच तयार झालेला आहे, आणि पुष्कळशी व्याख्याने तेथूनच होतात. सुमारे तासभर विवेचन आणि शेवटी श्रोत्यांची प्रश्नोत्तरे असा क्रम असतो. अमेरिकेच्या मध्यभागी दुपारी बारा वाजता सुरू होणारे व्याख्यान आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहास व हिवाळ्यात साडेअकरास ऐकू येते. परंतु मुद्रित करून ठेवलेले व्याख्यान दुसऱ्या दिवशी सोयीने ऐकण्याची सवड पुष्कळदा मिळते.

आता कोणी विचारील की, पाखरू पाळण्यास व्याख्यान कशाला हवे? पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वाड्यांतून पोपट राहिले, डाळ-पेरू खाऊन जगले; त्यांस कोणत्या तज्ज्ञाची गरज पडली? ह्या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वी आपल्या एकत्र कुटुंबातील एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. घरातील पाखरू सर्वांचे लाडके असते. जाता-येता प्रत्येक जण त्याच्याशी बोलतो, पिंजऱ्यात काही ना काही टाकतो. मात्र आज त्याने किती खाल्ले, किती टाकले, काल ते कोठे बसले होते आणि आज कोठे बसले आहे, हे विचारले तर चार जण एकमेकांकडे पाहतात. जे सर्वांचे, ते कोणाचेच नव्हे, अशी गत व्हावयास वेळ लागत नाही. त्या पाखराची खरी माहिती बहुधा घरातील एकाच व्यक्तीस असते, आणि ती म्हणजे रोज सकाळी पाण्याची वाटी धुणारी आजी, काकू किंवा वहिनी. इकडे परदेशी तज्ज्ञाचे इंग्रजी बोलणे समजते ते कॉलेजात जाणाऱ्या नातवास. पण त्यास पाखराची दिनचर्या ठाऊक नसते. ज्ञान एकाजवळ आणि निरीक्षण दुसऱ्याजवळ, असा हा प्रकार आहे. ही दोघे एके ठिकाणी बसली तरच व्याख्यानाचे सार्थक होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते कसे, हे व्याख्यानांतून वरचेवर सांगितल्या जाणाऱ्या काही गोष्टींवरूनच दिसून येईल.

प्रथम आहाराची गोष्ट घेऊ. केवळ बियांवर ठेवलेला पक्षी पोटभर खाऊनही कुपोषित राहतो, हे पक्षिवैद्यांचे जवळजवळ एकमुखी सांगणे आहे. सूर्यफुलाच्या बिया पोपटवर्गातील पक्ष्यांस अतिशय आवडतात, पण त्यांत स्निग्धांश फार. अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मात्र अत्यल्प. अ जीवनसत्त्व कमी पडले म्हणजे तोंडाचे व श्वासमार्गाचे अस्तर बिघडते आणि रोगास वाट मिळते. म्हणून गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर ह्यांची जोड आवश्यक ठरते. कॅल्शियमकरिता समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्यास अडकवून ठेवण्याची चाल चांगली आहे. हल्ली तयार गोळ्यांच्या रूपातील खाद्याचीही शिफारस होते. परंतु जुने खाद्य एकदम बंद करू नये, कारण अनोळखी वस्तू हे आपले अन्न आहे हे कित्येक पक्ष्यांस कळतच नाही व ते उपाशी राहतात. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, मद्य व खारट पदार्थ पक्ष्यांस घातक आहेत.

येथे आपल्या जुन्या चालीरीतींची बाजूही सांगितली पाहिजे. पोपटास मिरची घालणे हा अडाणीपणा आहे असे पुष्कळांस वाटते. वास्तविक मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे आपल्या जिभेस जाणवतो, ते ओळखणारी यंत्रणा पक्ष्यांच्या शरीरात निराळ्या घडणीची असल्याने त्यांस मिरची झोंबतच नाही. आणि पिकलेल्या लाल मिरचीत अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक भरपूर असतो. ह्या बाबतीत आजीचेच शास्त्र खरे ठरले. मात्र सकाळी घातलेली भिजवलेली हरभऱ्याची डाळ उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत वाटीत तशीच राहू देणे हे योग्य नव्हे, ती आंबते. चालीतील हितकर भाग कोणता व अहितकर कोणता, हे निवडून देणे हेच तज्ज्ञाचे काम.

दुसरी गोष्ट हवेची. पक्ष्यांच्या फुप्फुसांची रचना आपल्याहून वेगळी आहे. वायुकोशांच्या साहाय्याने त्यांच्या फुप्फुसांतून ताजी हवा एकाच दिशेने सतत वाहत राहते. उडण्याकरिता लागणारा प्राणवायू ह्या योजनेने उत्तम मिळतो. पण हवेतील विषही तितक्याच झपाट्याने अंगात भिनते. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींतून विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी १९८६ सालापर्यंत वापरात होते, ते ह्याच कारणाने. आजच्या स्वयंपाकघरातील नॉनस्टिक तवा रिकामाच गॅसवर राहून फाजील तापला, म्हणजे त्याच्या लेपातून निघणारी वाफ माणसास फारशी जाणवत नाही, परंतु शेजारच्या खोलीतील पाखरू काही मिनिटांत दगावू शकते. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, फोडणीचा खाट आणि दिवाळीतील फटाक्यांचा धूर ह्यांविषयीही हीच सावधगिरी पाहिजे. देवघर किंवा स्वयंपाकघर ह्यांलगत पिंजरा टांगण्याची पद्धत म्हणूनच सोडून द्यावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पक्षी आपले आजारपण लपवितो. रानात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेस प्रथम पडतो; म्हणून अंगात शक्ती असेतो तो निरोगी असल्याचेच भासवितो. पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला, श्वासागणिक शेपटी हलविणारा पक्षी आपल्या लक्षात येतो, तेव्हा दुखणे पुष्कळ पुढे गेलेले असते. ह्यावर तज्ज्ञांनी सांगितलेला उपाय अगदी घरगुती आहे. ग्रॅमचे माप दाखविणारा स्वयंपाकघरातील काटा घ्यावा व पक्ष्याचे वजन रोज सकाळी, खाण्यापूर्वी, करून लिहून ठेवावे. बजरीगर पक्ष्याचे वजन सामान्यतः ३० ते ४० ग्रॅम, कॉकाटीलचे ८० ते १०० ग्रॅमच्या आसपास असते. ३५ ग्रॅमच्या पक्ष्याचे वजन साडेतीन ग्रॅमांनी घटले, म्हणजे शरीराचा दहावा हिस्सा गेला. ७० किलो वजनाच्या माणसाचे एकाएकी सात किलो कमी झाल्यासारखेच हे आहे. पिसांच्या आवरणाखाली ही घट डोळ्यांस दिसत नाही, काट्यास मात्र दिसते.

ह्याच संदर्भात घरातील माणसांच्या प्रकृतीचाही विचार येतो. पोपटवर्गातील पक्ष्यांपासून माणसास होणारा सिटॅकोसिस नावाचा ताप १९२९-३० साली पुष्कळ देशांत फैलावला होता. आज त्यावर गुणकारी औषधे आहेत. परंतु रोग ओळखला तरच त्यांचा उपयोग. घरातील वृद्धास ताप व खोकला धरून राहिला, तर आपल्या घरी पक्षी आहे हे डॉक्टरांस न विचारता सांगावे.

चौथी गोष्ट झोपेची. पोपटवर्गातील बहुतेक पाळीव पक्ष्यांस रात्री दहा ते बारा तास अंधार व शांतता हवी असते. एकत्र कुटुंबात दिवाणखान्यातील दिवा मध्यरात्रीपर्यंत मालवत नाही, आणि पिंजरा नेमका तेथेच असतो. अपुऱ्या झोपेने पक्षी चिडखोर होतो. लांबलेल्या प्रकाशाने मादीस अवेळी व वारंवार अंडी घालण्याची प्रवृत्ती होते आणि तिच्या अंगातील कॅल्शियम आटते. तेव्हा रात्री साडेदहाचे व्याख्यान पाखराच्या पिंजऱ्याशेजारी दिवा लावून ऐकू नये, हा त्या व्याख्यानाचाच पहिला धडा समजावा! तसेच सकाळचे कोवळे ऊन त्यास मिळू द्यावे; काचेच्या तावदानातून येणारे ऊन पुरेसे नसते, कारण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवून धरते.

शरीराप्रमाणेच स्वभावाविषयीही ही व्याख्याने पुष्कळ शिकवितात. अमेरिकेतील युटा स्टेट युनिव्हर्सिटीत मानसशास्त्राच्या प्राध्यापिका राहिलेल्या सुसान फ्रीडमन यांनी पक्षी व इतर प्राणी सांभाळणाऱ्यांस दूरस्थ पद्धतीने शिकविण्याचे कार्य अनेक वर्षे केले आहे. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा की, 'हा पोपट रागीट आहे' असे म्हणून थांबू नये; चावण्यापूर्वी काय घडले, चावणे कसे झाले आणि त्यानंतर काय घडले, ह्या तीन गोष्टी पाहाव्या. मुलाने पिंजऱ्यात हात घातला, पाखरू मागे सरले, त्याने पिसे आवळली. मुलाने ते पाहिले नाही. पाखरू चावले, हात बाहेर गेला. पाखराने धडा घेतला की, सौम्य खूण कोणास समजत नाही, चावणे मात्र तत्काळ समजते. हा धडा त्यास आपणच दिला. हात घुसविण्याऐवजी आवडता घास दाखवून त्यास आपण होऊन जवळ येऊ द्यावे, नको असेल तर नकार देण्याची मुभा ठेवावी, म्हणजे चावण्याचे प्रयोजनच उरत नाही. घरातील लहान मुलांस ह्याहून चांगले संस्कारशिक्षण कोणते मिळणार? मुक्या जिवाचा नकार ओळखावयास शिकलेले मूल माणसाचा नकारही ओळखील.

आणि पोपटाच्या बोलण्याविषयी काय? अर्थ न समजता केलेल्या पाठांतरास आपण 'पोपटपंची' म्हणतो. ह्या शब्दास धक्का देणारे संशोधन डॉ. आयरीन पेपरबर्ग यांनी केले. त्यांनी १९७७ साली शिकागोच्या एका दुकानातून ॲलेक्स नावाने पुढे प्रसिद्धीस आलेला आफ्रिकन करडा पोपट विकत घेतला. तो २००७ साली वारला, तोपर्यंत त्यास सुमारे पन्नास वस्तू, सात रंग, पाच आकार आणि सहापर्यंतच्या संख्या ओळखून सांगता येत होत्या. त्याच्या शिक्षणाची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. दोन माणसे पोपटासमोर बसत. एक जण वस्तू दाखवून तिचे नाव विचारी. दुसऱ्याने ते बरोबर सांगितले की ती वस्तू त्यास मिळे. पोपट हा संवाद पाहून शब्द शिके, आणि उच्चार साधला म्हणजे तीच वस्तू त्यास बक्षीस मिळे. शब्दाचा वस्तूशी संबंध अशा रीतीने जुळे. एकत्र कुटुंबात ह्या पद्धतीस लागणारी सामग्री विनासायास हजर आहे. सासूसुना, आजी-नातवंडे ह्यांचे बोलणे दिवसभर चाललेलेच असते. पिंजऱ्यासमोर शंभर वेळा 'विठू विठू' घोकण्यापेक्षा दोघांनी पेरूची फोड हाती घेऊन तिचे नाव विचारले व सांगितले, तर पाखरास अधिक कळेल. बाणभट्टाने कादंबरीची कथा वैशंपायन नावाच्या शुकाच्या तोंडी घातली. आपल्या पूर्वजांस पोपटाच्या बुद्धीचे कौतुक होते, ह्यात संशय नाही.

परंतु ह्या कौतुकासच आता एक मर्यादा पडली आहे, आणि ती सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. ज्यास आपण पोपट, राघू किंवा कीर म्हणतो, तो गळ्यास गुलाबी-काळा कंठ असलेला देशी पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्यास पकडणे, विकणे व घरी बाळगणे हा गुन्हा होय. परदेशी व्याख्यात्यांच्या बोलण्यात हाच पक्षी पाळीव म्हणून येतो, त्याच्या निळ्या-पिवळ्या जातींचे वर्णन येते. कारण तिकडे तो पक्षिगृहांत पैदास केलेला असतो व तिकडचा कायदा निराळा आहे. ते ऐकून येथे कोणी मोहात पडू नये. आपल्या बाजारात चोरून विकले जाणारे पिल्लू झाडाच्या ढोलीतून काढलेले असते. घरी असा पोपट जुन्या काळापासून असेलच, तर एकाएकी दार उघडून त्यास सोडून देणे ही दया नव्हे. पिंजऱ्यात वाढलेल्या पाखरास अन्न शोधता येत नाही. वनखात्याशी संपर्क साधून त्याची योग्य व्यवस्था करावी.

बजरीगर, कॉकाटील ह्यांसारखे परदेशी मूळ असलेले पक्षी पाळण्यास आपल्याकडे आडकाठी नाही. बजरीगर हा ऑस्ट्रेलियाचा पक्षी. जॉन गोल्ड यांनी तो १८४० साली इंग्लंडात नेला, आणि आपल्या बाजारांत तो 'लव्हबर्ड' ह्या चुकीच्या नावाने विकला जातो. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे. करडा पोपट मात्र २०१७ च्या आरंभापासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक निर्बंधांखाली आला आहे. आणि अशा यादीतील परदेशी पक्षी बाळगणाऱ्यांनी त्यांची सरकारदरबारी नोंद करावी, असे नियम आपल्या देशातही २०२४ साली झाले. शिवाय आयुर्मान पाहावे. बजरीगर पाच-दहा वर्षे जगतो, कॉकाटील पंधरा-वीस वर्षे, आणि करडा पोपट चाळीस-पन्नास वर्षेसुद्धा. साठीच्या आजोबांनी तो घेतला, तर पुढे तो कोणाकडे राहणार, हे घेतानाच ठरवावयास हवे. घरे वेगळी होतात, मुले परगावी जातात. भांडीकुंडी व दागिने ह्यांची वाटणी होते, पाखराचे नाव मात्र कोणत्याच यादीत नसते.

व्याख्यानांच्याही मर्यादा आहेत. काही व्याख्याने पक्ष्यांचे खाद्य विकणाऱ्या व्यापारी मंडळींनी भरविलेली असतात. त्यांतील ज्ञान घ्यावे, जाहिरात ओळखावी. थंड देशातील वक्त्याने खोली उबदार ठेवण्याविषयी सांगितलेले नियम नागपूरच्या वैशाखात जसेच्या तसे लागू करू नयेत. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, व्याख्याता पक्ष्यास हात लावून पाहू शकत नाही. पाखरू तळाशी बसले, खाईनासे झाले, तर रविवारच्या व्याख्यानाची वाट पाहणे म्हणजे त्याचा घात करणे होय. त्यास त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. पक्ष्यांचा खास वैद्य प्रत्येक गावी मिळत नाही, म्हणून जवळपास पक्षी तपासणारे कोण आहेत ह्याची चौकशी दुखण्यापूर्वीच करून ठेवावी.

व्याख्यान कसे ऐकावे, ह्याविषयी आमची सूचना थोडक्यात अशी आहे. पक्ष्याची रोजची सेवा करणारी व्यक्ती आणि व्याख्यानाची भाषा समजणारी व्यक्ती ह्या दोघांनी एकत्र बसावे. एकाने मुद्दा मराठीत सांगावा, दुसऱ्याने तो आपल्या पाखरास कितपत लागू पडतो हे बोलून दाखवावे. प्रश्न विचारावयाचा असेल तर आधीच्या आठवड्याची वही जवळ ठेवावी. जात, वय, वजन, आहार, विष्ठेचा रंग व झोपेचे तास ह्यांची नोंद असलेल्या प्रश्नास जसे उपयुक्त उत्तर मिळते, तसे 'आमचा पक्षी उदास का?' ह्या प्रश्नास मिळत नाही. व्याख्यान संपल्यावर दहा गोष्टी एकदम बदलण्याच्या भरीस न पडता एकच बदल ठरवावा, तो कोणी अमलात आणावयाचा हेही ठरवावे, आणि काट्यावरील आकडा काय सांगतो ते पाहावे. आजीच्या नजरेस हा मान मिळाला, म्हणजे परक्या भाषेतील विद्येपुढे तिला आपले ज्ञान तोकडे वाटणार नाही. आणि नातवासही कळेल की, तज्ज्ञाने सांगितलेल्या पुष्कळ खुणा ती न शिकताच ओळखत होती.

ऐकलेले नुसते ऐकून सोडले, तर पोपटपंचीचा दोष पोपटाकडे न राहता श्रोत्यांकडे येईल. दूरदेशीचा जाणकार आपणांस काय पाहावे एवढेच सांगतो. पाहावयाचे काम घरातील माणसांचेच आहे. पिंजऱ्यातील जीव आपल्या इच्छेने आपल्या घरी आलेला नाही. त्याचे खाणे, पिणे, ऊन, वारा, झोप, सारे आपल्या हाती आहे. इतकी सत्ता ज्याच्यावर चालते, त्याच्याविषयी निदान तासभर ऐकून घेणे आणि रोज दोन मिनिटे त्याच्याकडे नीट पाहणे, एवढे तरी आपण त्याचे देणे लागतो.